सासऱ्यांचा तिसरा डोळा

कापड रंगवण्याच्या कारखान्यातल्या त्या बॉयलरवाल्याला धड खोटंही बोलता येत नव्हतं. बोलायचा, पण मागचं काय बोललो ते विसरून. गेल्या दीड महिन्यात त्याने तीनदा रजा घेतली आणि तिन्ही वेळा कारण एकच ठोकून दिलं, सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. सासऱ्यांची नजर ठणठणीत होती आणि जावयाचे हे प्रताप त्यांच्या गावीही नव्हते.

खरं कारण बायकोने कुणाला सांगू दिलं नव्हतं. लग्नाला नऊ वर्षं झाली, मूल होत नव्हतं, उपचार चालू होते. पहिली खेप फुकट गेली तेव्हा नणंदेने ते चार घरी सांगितलं आणि चारही घरं येऊन सांत्वन करून गेली. या वेळी तिने नवऱ्याला शपथच घातली. "माझ्या पोटाची चर्चा कुठे झाली, तर मी अर्ध्यातून उठून येईन," ती म्हणाली होती. आणि ती बोलायची तसं करायची.

आता दुसरी खेप ऐन टोकाला आली होती. शेवटचं इंजेक्शन काल रात्री झालं. उद्या सकाळी नऊला तिची स्त्रीबीजं काढायची होती आणि त्याचा नमुनाही तेव्हाच लागणार होता. "वेळ चुकली तर बीजं हातची जातील, सगळी इंजेक्शनं पाण्यात," डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. ही वेळ दोन दिवस आधी कळते आणि कारखान्यात रजेचा अर्ज आठवडाभर आधी द्यावा लागतो, आता बोला! मॅनेजर एवढंच म्हणाले, "बॉयलरवर परवानेवाला माणूस पाहिजे. बदली उभा कर आणि खुशाल जा."

परवानेवाली माणसं दोनच. एक हा, दुसरे दुपारपाळीचे काका, ज्यांना सगळे पाठीमागे पारा म्हणत. चढायला क्षण पुरायचा, उतरायला दिवस लागायचा.

तीन वाजता पारा आले. पाळी बदलताना तिथे एक रीत होती. दोघांनी बॉयलरच्या काचेच्या नळीतली पाण्याची पातळी आपापल्या डोळ्यांनी बघायची, वहीत सह्या करायच्या, तोवर अवांतर एक शब्द नाही. पण याला धीर कुठला! त्यांनी नळीकडे मान वळवली आणि हा बोलून गेला, "काका, उद्याची सकाळपाळी तेवढी कराल का? सासऱ्यांचं..."

"मोतीबिंदूचं," पारा नळीवरून नजर न काढता म्हणाले. "दोन डोळे झाले. मग तिसरा झाला, तेव्हा मी गप्प बसलो. आता हा चौथा कुठून आणलास?"

याच्या तोंडचं पाणी पळालं.

"सलग सोळा तास उभा राहीन रे मी, पण थापेसाठी नाही." त्यांनी सही केली आणि वही त्याच्यापुढे सरकवली.

इकडे आड, तिकडे विहीर. तोंड उघडलं तर शपथ मोडते, नाही उघडलं तर उद्या ती टेबलावर एकटी आणि महिन्याभराचं सोसणं मातीत. त्याने पेन उचललं, खाली ठेवलं. "बायकोचे मुलासाठी उपचार चाललेत, काका," तो म्हणाला. "उद्या नऊला मी तिथे नसलो तर सगळं बुडालं. तिने कुणाला सांगू नको म्हटलंय." एवढं बोलला आणि त्याला स्वतःचाच राग आला.

पारा फडक्याने स्वच्छ नळी पुन्हा पुसू लागले.

"आम्हीही गेलो होतो," ते म्हणाले. "आम्ही म्हणजे ती. मला रजा मागायची लाज वाटली. ती एकटी गेली आणि एकटीच बसने परत आली. पुढे मी म्हटलं, पुन्हा जाऊ या. तर म्हणाली, कशाला? मी काय एकटीच आई होणार आहे?" त्यांनी फडकं खुंटीला अडकवलं. "साडेसहाला येतो मी. तू जा."

दुसऱ्या दिवशी नमुना देऊन तो धावत आला, तेव्हा बायको हिरव्या गाऊनमध्ये स्ट्रेचरवर होती.

"रजा कशी मिळाली?" तिने विचारलं.

चौथा डोळा जिभेवर आला होता. "सांगितलं," तो म्हणाला. "एकट्या काकांना."

ती ताडकन कोपरावर उठली. स्ट्रेचर ढकलायला आलेली नर्स थबकली. आता ही खाली उतरणार, या भीतीने त्याने स्ट्रेचरची कड धरली.

"सांगितलं नसतं, तर आत्ता मी बॉयलरपुढे असतो," तो कसाबसा म्हणाला. "तू इथे एकटी."

आत कुणीतरी तिच्या नावाने हाक मारली.

"इथून हलणार नाहीस ना?"

"नाही."

तिने चष्मा काढून त्याच्या हातात दिला. "धर. भांडण बाहेर आल्यावर," ती म्हणाली आणि आडवी झाली.