स्विच बंद करायला आई

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मला एक नोकरी अगदी मनापासून हवी होती. उल्हासनगरला जीन्सच्या होलसेल बाजारात, एका जिन्याखालच्या ऑफिसात. मालक वयस्कर सिंधी गृहस्थ. दुकानदारांना मालाचा हिशोब ठेवणारे प्रोग्रॅम करून द्यायचे. लाइट गेली की दुकानदारांच्या फाइली मोडायच्या आणि फोनवर शिव्या मालकांना पडायच्या. ते मला म्हणाले, "बेटा, ऐसा कुछ बना के ला, के लाइट गयी तो भी डेटा नहीं जाना चाहिए. बना तो नौकरी पक्की." नाही बनलं तर बाबांच्या अंबरनाथच्या कारखान्यात स्टोअरला चिकटायचं, हे घरी ठरलेलंच होतं. नटबोल्टांशी माझं काही वैर नव्हतं, पण माझा जीव कॉम्प्युटरमध्ये अडकला होता.

तोवर मी डेटाबेस नुसता वापरला होता. आत काय चालतं ते एका जाडजूड इंग्रजी पुस्तकाच्या झेरॉक्सवरून शिकायला घेतलं. शुक्रवारी आमच्याकडे बदलापूरला दिवसभर लाइट नसायची, तेव्हा गॅलरीत बसून वाचायचं आणि शनिवारी टाइप करायचं. कळलं ते असं: डेटाबेसचं इंजिन, म्हणजे आतला मूळ प्रोग्रॅम, माहिती डिस्कवर पानापानांनी ठेवतं. बदल करायचा तर पान आधी मेमरीत आणतं, तिथे बदलतं आणि सवडीने परत डिस्कवर ठेवतं. मधेच लाइट गेली तर घोटाळा. म्हणून काय बदलणार आहोत त्याची नोंद आधी डिस्कवर लिहायची आणि मगच डिस्कवरच्या पानाला हात लावू द्यायचा. लाइट आली की इंजिन ती नोंद वाचतं, अर्धवट राहिलेलं पुसतं, पुरं झालेलं पण पानावर न चढलेलं चढवतं. हे वाचलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी स्वयंपाकघरात जाऊन आईला सगळं समजावून सांगितलं. तिने "बरं" म्हटलं आणि लसूण सोलायला दिला.

इंजिन लिहून झालं. आता ते खरोखर तरतं का हे बघायला कुणीतरी मधेच लाइट घालवायला हवी होती. मीच बंद केली तर नकळत सोयीची वेळ साधणार, हे मला माहीत होतं. म्हणून आईला नेमलं. प्रोग्रॅम काय करायचा, तर गोदामातला माल काढून दुकानात टाकायचा. थोडा माल हलवला की जरा थांबायचा, मग परत सुरू. माल कितीही इकडेतिकडे झाला तरी एकूण बेरीज तीच राहायला हवी. आईला सांगितलं, "तुझ्या मनात येईल तेव्हा बटण बंद कर. मला विचारू नकोस, सांगू नकोस."

तिला हे काम फार आवडलं. पोळ्या करता करता यायची, पदराला हात पुसायची, टेबलाशी उभी राहायची आणि खट्! मग लगेच, "बघ गं, आहे ना सगळं?" सगळं असायचं. दर वेळी बेरीज जुळायची. शेजारच्या काकूंना ती सांगून आली, "आमच्या हिच्या कॉम्प्युटरला लाइट गेली तरी काही होत नाही." मी तर हवेतच होते. आपण पहिल्या फटक्यात जिंकलो, असं मला खुशाल वाटत होतं.

फ्लॉपी घेऊन मी उल्हासनगरला गेले. प्रोग्रॅम सुरू केला. मालकांनी चहाचा घोट घेतला आणि दुसऱ्या हाताने सरळ प्लग उपटला. परत चालू केलं, तर गोदामातून माल निघालेला, दुकानात पोचलेलाच नाही. मालक स्क्रीनकडे वाकून बघत म्हणाले, "माल कहाँ है बेटा? रास्ते में है क्या?" ऑफिसातले सगळे हसले. तेही हसले, पण खवचटपणे नाही. "अगले हफ्ते फिर ला. उसके बाद मैं दूसरा आदमी देखूंगा."

घरी येईपर्यंत माझे डोळे भरून आलेले. आईने विचारलं तर म्हटलं, "तू इतक्यांदा बंद केलंस, कधी बिघडलं नाही. त्यांनी एकदा केलं आणि वाट लागली. तू नेमकं कसं बंद करायचीस?"

"कसं म्हणजे? तो लाल दिवा लुकलुकतो ना पेटीवर, तो विझेपर्यंत थांबायचे. मग बंद."

तो डिस्कचा दिवा. तो लुकलुकतो तेव्हाच तर लिहिणं चालू असतं!

"अगं आई, तो चालू असतानाच बंद करायचं होतं!"

"चालू असताना कसं करू?" ती खरोखर गोंधळली होती. "ते काहीतरी लिहीत असतं म्हणालीस ना तू? तू लिहीत असताना मी तुला जेवायला हाक मारली नाही कधी."

रागवायला तोंड उघडलं होतं, ते हसण्यात गेलं. मग ती हसली आणि लगेच रडवेली झाली. "माझ्यामुळे गेली का गं नोकरी?"

चूक माझीच होती, आणि ती मला दोन दिवसांत सापडली. मेमरीत जागा भरली की माझं इंजिन एखादं पान डिस्कवर ढकलून द्यायचं, पाहुणे आले की पसारा कपाटात कोंबतात तसं. पण त्या पानाची नोंद अजून मेमरीतच असायची. नोंद आधी, पान नंतर, हा नियम मी सगळीकडे पाळला होता आणि नेमका इथे विसरले होते. नोंद डिस्कवर गेल्याशिवाय पान हलू द्यायचं नाही, असा बंदोबस्त केला.

राहिली आई. टेबलाशी उभी राहिली की तिची नजर दिव्यावर जायची आणि हात थबकायचा. "बाबांना सांगते," मी म्हटलं. तर म्हणाली, "नको. मी करते." तिने स्वतःच तोड काढली. जिन्यातल्या मीटरपाशी आमचा मेन स्विच होता, तिथून पेटी दिसायची नाही. दार उघडं ठेवून ती तिथे गेली. खुर्चीतून मला ती दिसत होती. दिवा लुकलुकत होता. तिने स्विचवर हात ठेवला, मान वळवली, डोळे गच्च मिटले. लहानपणी मला इंजेक्शन देताना ती अशीच भिंतीकडे तोंड करायची. मला एकदम तिची इतकी माया आली की राहू दे म्हणावंसं वाटलं. तेवढ्यात खट् झालं आणि घरातला पंखासुद्धा थांबला.

बेरीज जुळली. तिने त्या आठवड्यात कितीदा तरी केलं, दर वेळी तोंड फिरवून, आणि दर वेळी जिन्यातूनच विचारलं, "गेलं का गं?"

पुढच्या आठवड्यात मालकांनी प्लग उपटला, परत लावला, परत उपटला. माल जागच्या जागी. "सोमवार से आ जा," ते म्हणाले.

मी धावतच जिना चढले. आई दारातच होती. मी म्हटलं, "मिळाली! सोमवारपासून जायचंय."

तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. पगार किती, वेळ काय, काही विचारलं नाही.

"म्हणजे आता मला परत बंद करायला नाही ना लागणार?"