इंडियम, मी आणि मासेवाली

मालवणच्या बाजारातली माझी मासेवाली हात ओले असले की फोनचा पडदा नाकाने दाबते. मी निवृत्त रसायनशिक्षक. मला गप्प बसवत नाही.

"काचेवर इंडियमच्या संयुगाचा पारदर्शक थर असतो," मी तिला समजावलं. "त्यातून वीज वाहते, म्हणून पडद्याला स्पर्श कळतो. इंडियम जस्ताच्या खनिजातून मिळतं. सुरीने कापता येईल इतका मऊ धातू!"

"मगे कापूक सुरमयपेक्षा बरो तो," ती म्हणाली. "बांगडे किती व्हये, मास्तरांनू?"

मी बांगडे निवडत असताना पुण्याहून लेकीचा व्हिडिओ कॉल आला. माझी व्याख्यानं नकोत म्हणून ती क्वचितच फोन करते. माझी ओली बोटं पडद्याला कळेनात, तेव्हा बाईने वाकून माझाही फोन नाकानेच उचलला.

लेकीला आधी नाक दिसलं. ती खो खो हसली. मग बांगड्याचा तिखला कसा करायचा यावर दोघींच्या गप्पा रंगल्या. मी नुसता फोन धरून उभा. लेकीला इतकं हसताना मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

"बाबा, उद्या याच वेळी बाजारात असाल ना? परत फोन करते."

उद्या सोमवार. आमच्याकडे मासे वर्ज्य. तरी मी लगेच हो म्हणालो.