माहिती घेऊन पटलावर ठेवण्यात येईल

धनेश तेरसे आणि मी मंत्रालयात, आरोग्य खात्याच्या एकाच कक्षात बसतो. तो कक्ष अधिकारी, मी त्याच्या हाताखाली सहायक. वयाने मात्र मी मोठी, त्यामुळे हुकूम तो सोडतो आणि दटावते मी. तो लालबागचा, मालवणी, गिरणी कामगाराचा मुलगा. मी गिरगावची, पाठारे प्रभू. आमच्याकडे खापरपणजोबांपासून सगळे कारकूनच. "वल्लरीताई, तुमच्या रक्ताच्या रिपोर्टवर पण शेरा आणि सही येत असेल," असं तो मला चिडवायचा. हल्ली चिडवत नाही.

आमचं काम लोकांना ठाऊक नसतं. अधिवेशनात आमदार आरोग्यमंत्र्यांना प्रश्न विचारतात आणि मंत्री उभे राहून उत्तर देतात, एवढंच टीव्हीवर दिसतं. ते उत्तर आम्ही लिहिलेलं असतं. प्रश्नाची सुरुवात ठरलेली, अमुक तमुक घडलं 'हे खरे आहे काय?' उत्तरंही ठरलेली. 'होय, हे खरे आहे' म्हटलं की मंत्री अडकतात. 'हे खरे नाही' म्हटलं आणि उद्या खरं निघालं, तर आम्ही अडकतो. या दोन्हींच्या मधली जी गल्ली, 'हे अंशतः खरे आहे', तिचा राजा म्हणजे धनेश. आमदार म्हणाले रुग्णालयातली सगळी यंत्रं बंद आहेत आणि त्यातलं एखादं जरी घरघरत असलं, की झालं अंशतः खरं. खोटं त्याने जन्मात कधी लिहिलं नाही. अर्धं लिहिलं.

दुसरं त्याचं आवडतं वाक्य 'कार्यवाही सुरू आहे.' नवीन आलेल्या मुलींना तो त्याचा अर्थ समजावून सांगायचा, "म्हणजे फाईल कपाटात आहे, पण कपाटाला कुलूप नाही." सगळे हसायचे. मीही हसायचे. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे आम्ही नाही तर कोण जाणणार?

त्याचे आईवडील, रखमाबाई आणि धोंडूआबा, वर्षातले काही महिने लालबागच्या खोलीत आणि बाकीचे गावी, तळकोकणात. रखमाबाई येताना आमच्या कक्षासाठी कोकमाच्या आगळाची बाटली आणायच्या. "तुमी बाईमाणसा, थोडा जास्त न्हेवा," असं म्हणून माझ्या पिशवीत एक बाटली वेगळी सरकवायच्या. मला त्या बाईचा फार लळा होता.

गेल्या वर्षी गावच्या जत्रेला म्हणून दोघं गेली आणि तिथे रखमाबाईंच्या छातीत दुखू लागलं. आबांनी त्यांना तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, जिल्ह्याला हलवा, इथे उपचार नाहीत. रुग्णालयाच्या आवारात रुग्णवाहिका उभी होती, पण चालकाचं कंत्राट संपलेलं. दुसरी गाडी दुसरीकडे गुंतलेली. शेजारचा आनंदा आपली जीप घेऊन फाटकाशी आला होता. आबांनी लेकाला फोन लावला, कारण लेक मंत्रालयात, त्याला यातलं कळणार.

दुपार होती. मी त्याच्या समोरच बसले होते. धनेशने लगेच रुग्णालयाच्या अधीक्षकांना फोन केला. खात्यातला माणूस म्हटल्यावर ते फारच अदबीने बोलले. "काळजी करू नका साहेब, चालक मागवलाय, कार्यवाही सुरू आहे. गाडी निघाल्यातच जमा आहे." धनेशने फोन ठेवला, वडिलांना लावला आणि सांगितलं, "आबा, जीपने नेऊ नका. जीपमध्ये ऑक्सिजन नसतो, रस्त्यात काय झालं तर? सरकारी गाडी येतेय. थांबा."

मी ते ऐकलं. मलाही ते बरोबरच वाटलं. आम्ही दोघं तेच वाक्य रोज लिहिणारी माणसं, आणि आमच्यापैकी एकाच्याही मनात शंका आली नाही. आपल्याला कुणी ते वाक्य ऐकवेल असं आम्हाला कधी वाटलंच नव्हतं. गाडी आली नाही. आबा पुन्हा जीपसाठी धावले, तेव्हा रखमाबाई गेल्या होत्या.

धनेश डोकं भादरून कामावर आला. खात्यात सगळ्यांनी "वय झालं होतं का?" असं विचारलं आणि तो "हो" म्हणत राहिला. कसं झालं, ते फक्त मला माहीत होतं. आबा आता कायमचे लालबागला राहायला आले. त्यांनी लेकाला एका शब्दाने दोष दिला नाही. त्यामुळे तो जास्तच वाळत गेला. डबा उघडायचा, बघायचा आणि बंद करायचा.

मग पुढच्या अधिवेशनात तो प्रश्न आला. तिकडच्या आमदारांनी विचारला होता. रुग्णवाहिका उभी असूनही चालकाअभावी एका महिलेचा मृत्यू झाला, हे खरे आहे काय? असल्यास चौकशीत काय आढळले? नाव नव्हतं. प्रश्न वाटपात आमच्या कक्षाकडे आला आणि धनेशच्या टेबलावर पडला. मी म्हटलं, "रजा टाक. हे दुसऱ्याला करू दे."

"नको ताई. दुसरा काय लिहील ते मला पाठ आहे."

त्याला काय हवं होतं, ते मी सांगते. आयुष्यात एकदा त्याला 'होय, हे खरे आहे' असं लिहायचं होतं, आणि ते मंत्र्यांनी सभागृहात उभं राहून म्हणायला हवं होतं. आबांनाही तेवढंच हवं होतं. "सरकारान एकदा कबूल करूक व्हया," एवढंच ते म्हणायचे. भरपाईचं नाव त्यांनी कधी काढलं नाही.

रुग्णालयाचा चौकशी अहवाल आला. धनेशने तो वाचला आणि माझ्यासमोर सरकवला. त्यात चालकाचं होतं, गाडीचं होतं आणि शेवटी लिहिलं होतं, 'खासगी वाहन उपलब्ध असताना रुग्णाच्या पतीने स्वतःच्या मर्जीने ते नाकारले.' खाली आबांची सही. कुणाच्या सांगण्यावरून नाकारलं, त्याचा कुठेही उल्लेख नव्हता.

"स्वतःच्या मर्जीने?" मी म्हटलं. "अधीक्षकांनी त्यांच्याकडून लिहवून घेतलं असणार. मेल्यांनी चोर सोडून संन्याशाला फाशी दिली!"

धनेशने ते वाक्य गाळून उत्तर लिहिलं. पहिल्या भागाला 'होय, हे खरे आहे.' फाईल वर गेली. उपसचिवांकडून परतली तेव्हा 'होय'वर लाल रेघ होती, तिथे 'अंशतः' आलं होतं आणि पतीचं वाक्य जसंच्या तसं खाली बसवलं होतं. उपसचिव वाईट नाहीत. त्यांनी धनेशला बोलावून प्रेमाने सांगितलं, "अहो तेरसे, तुम्हीच आम्हाला शिकवलंत की असं उत्तर कसं द्यायचं. ते नवऱ्याचं एवढं छान सापडलंय, आणि तुम्ही गाळता?"

ती महिला माझी आई, असं त्याने तिथे सांगायला हवं होतं. मी त्याला नंतर त्यावरून बोल बोल बोलले. तो म्हणाला, "सांगितलं असतं तर माझ्याकडून फाईल काढून घेतली असती, उत्तर तेच गेलं असतं. निदान सभागृहात मी तरी असेन."

प्रश्नोत्तरांच्या वेळी आम्ही अधिकारी गॅलरीत बसतो. आयत्या वेळी आमदारांनी उपप्रश्न विचारला आणि मंत्र्यांना माहिती नसली, की ते आमच्याकडे बघतात. मग आम्ही चिठ्ठी लिहायची, शिपाई ती नेऊन देतो. चिठ्ठी पोचेपर्यंत काय बोलायचं, म्हणून प्रत्येक टिपणीच्या शेवटी धनेश एक वाक्य लिहून ठेवायचा, 'याबाबतची माहिती घेऊन पटलावर ठेवण्यात येईल.' कुठलाही मंत्री त्या वाक्याने सुटतो.

त्या दिवशी आमचा प्रश्न पुकारला गेला. मंत्र्यांनी उत्तर वाचलं, अंशतः खरे आहे. चालकाची नेमणूक, कार्यवाही, सगळं वाचलं. पतीचं वाक्यही वाचलं. विरोधी बाकावरून एक बाई ताडकन उठल्या, "मंत्रिमहोदय, बायको मरणाच्या दारात, फाटकाशी जीप, आणि नवरा नको म्हणतो? का? त्याचं कारण विचारलं का तुमच्या अधिकाऱ्यांनी?" मागून कोणीतरी ओरडलं, "सुटका हवी असेल बिचाऱ्याला!" आणि सभागृह हसलं.

हसले हो. दोन्ही बाजूंचे हसले. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मंत्री वळून आमच्याकडे बघू लागले. उपसचिव टिपणी चाळत होते, त्यात काही नव्हतं. धनेशने चिठ्ठी ओढली आणि लिहिली. मी शेजारी होते, मला दिसलं. 'पतीला मुलाने फोनवर थांबायला सांगितले. तो मुलगा मी. धनेश तेरसे, कक्ष अधिकारी.' मी त्याचा हात धरला नाही. शिपाई चिठ्ठी घेऊन गेला.

मंत्र्यांनी ती वाचली. मान वर करून गॅलरीकडे पाहिलं. त्या क्षणाला मला वाटलं, हा माणूस आता सांगणार. ओठ हललेही. मग त्यांनी चिठ्ठीची घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "अध्यक्ष महोदय, याबाबतची माहिती घेऊन पटलावर ठेवण्यात येईल." अध्यक्षांनी पुढचा प्रश्न पुकारला.

त्याला एकटं सोडवेना, म्हणून मी टॅक्सीत त्याच्याबरोबर बसले. वाटेत तो एवढंच म्हणाला, "माझंच वाक्य होतं, ताई." लालबागला त्यांच्या खोलीचं दार उघडंच होतं. आबा कॉटवर बसले होते, सुनेचा मोबाईल मांडीवर. तिने त्यांना सभागृहाचं कामकाज लावून दिलं होतं. म्हणजे हसू त्यांनी ऐकलं होतं.

धनेश दारातच बसला. "आबा, ते लोक... तुम्हाला हसले. मला थांबवता नाही आलं."

"हसांदे," आबा शांतपणे म्हणाले. "म्हाताऱ्याक हसान काय होता? माका खंय कोण वळाखता."

मला राहवेना. मी म्हटलं, "पण आबा, तुम्ही त्या कागदावर सही का केलीत? स्वतःच्या मर्जीने, असं का लिहू दिलंत?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं, मग लेकाकडे. "लिवक दिलंय कसला? मीच सांगलंय. साहेब चौकशेक इल्लो. इचारल्यान, जीप कित्याक नको म्हटलास? आता पोराचा नाव सांगलंय असतंय, तर ह्येची नोकरी रवली असती? आवस गेली ती गेली. म्हटलंय, माजीच मर्जी." ते उठले, धनेशच्या खांद्यावर हात ठेवला. "मगाधरना जीव टांगणीक लागललो. पन तुजा नाव खंयच इला नाय. बरां झाला."

धनेश मान खाली घालून बसला होता.

"ती चिठी कसली रे?" आबांनी विचारलं. "शिपायान न्हेल्यान ती. मंत्र्यान वाचल्यान आणि वर बघल्यान. तुजा नाव नव्हता मा तिच्यात?"

आत स्वयंपाकघरात काहीतरी उकळत होतं, त्याचा आवाज येत होता. मी धनेशकडे पाहिलं. खोटं न लिहिणारा माणूस तो.

"नाही आबा," तो म्हणाला. "नव्हतं."

"मगे जेवक बस. आवशीन धाडलला आगळ थोडा उरलला. त्येची सोलकढी करून ठेवलंय." आबांनी वाटी भरून त्याच्या हातात दिली आणि तो पिईपर्यंत त्याच्यासमोर उभे राहिले.