खिशातला जीव

गफूरचाचांच्या शर्टाच्या खिशात कायम दुसऱ्या कोणाचा तरी जीव असायचा. लाकूड कापायचं मशीन धार लावायला समोर आलं, की ते आधी त्याचा ब्रेक लावायचे, मग पान्याने इंजिनचा स्पार्क प्लग काढून खिशात टाकायचे आणि खिशाचं बटण लावायचे. तो नसला तर मशीन सुरूच होत नाही, म्हणून प्लगला ते जीवच म्हणत. "जीव माझ्या खिशात, मग दात माझ्या हातात," हे त्यांचं रोजचं वाक्य. त्यानंतरच चामड्याचे हातमोजे चढवून ते मशीनच्या दातेरी साखळीला हात लावायचे.

मुरुडच्या बाजारामागे पत्र्याच्या एका शेडमध्ये ते बसत. डाव्या हाताचं पहिलं बोट अर्धंच होतं. मुंबईच्या पाहुण्यांना ते सांगत, मुशी माशाने खाल्लं. शाळेतल्या मुलांना सांगत, नाकात घातलं ते परत आलंच नाही. चाची समोर असली, तर सांगत, हिने भाकरीबरोबर भाजलं.

मी डोक्यावरून मोळ्या वाहत या धंद्यात आलो. आज दोन मशीनं आहेत, टेम्पो आहे. सांगितलेल्या दराने मी आयुष्यात काही घेतलेलं नाही. डॉक्टरांकडेसुद्धा घासाघीस करतो. पहिल्याच भेटीत मी चाचांना दरातला चौथा हिस्सा कमी करायला सांगितलं. ते लगेच कबूल झाले. "चालेल, शेठ. मग दर चौथा दात बोथट ठेवतो." मी रागाने लाल झालो आणि पूर्ण दर दिला. तोवर माझ्याकडून पूर्ण दर वसूल केलेला तो एकमेव माणूस.

काम मात्र बघत राहावं असं. पहिल्या दाताला खडूची खूण करायची आणि गोल कानस आतून बाहेर तीनदा चालवायची. परत येताना कानस उचलून घ्यायची, दातावर मागे ओढायची नाही. एका बाजूचे सगळे दात झाले, की दुसऱ्या बाजूचे. सगळ्यांना तीन म्हणजे तीनच. एखाद्याला जास्त लाड केले, तर मशीन ताडी प्यायल्यासारखं एका अंगाला जातं, असं ते म्हणत. मोजताना कोणी बोललं, तर कानस तशीच हवेत धरून बसत. बोलणारा थकला, की पुढचा दात.

आता माझ्या तक्रारीकडे येतो.

समुद्राकडच्या एका लॉजच्या फाटकात सुरूचं मोठं झाड आडवं झालं होतं. दुपारी बारापर्यंत लग्नाचं वऱ्हाड यायचं होतं. झाड तोवर हटवलं, तर लॉजच्या वाडीतलं वर्षभराचं तोडकाम मला, असं मालकाने कबूल केलं होतं. आदल्या दिवशी मी किनाऱ्यावर वाळूत लोळलेली लाकडं कापून साखळीची पार वाट लावली होती, म्हणून सकाळी नऊला चाचांकडे गेलो. ते मोजायला लागले आणि मी घाई करायला लागलो. मी बोललो की कानस हवेत. मग मी त्यावरून ओरडलो, तर कानस आणखी वर.

साडेदहाला धार पूर्ण झाली. साखळी जिच्यावर फिरते त्या पट्टीच्या खाचेतला भुसा काढायला त्यांनी साखळी उतरवली होती. मी मशीन आणि साखळी त्यांच्यासमोरून उचलली आणि प्लग मागितला. त्यांनी खिशावर हात ठेवला.

"चहा घ्या, शेठ. राग उतरला की जीव देतो."

मी त्यांच्या सात पिढ्या काढल्या. ते कपात चहा ओतत राहिले. समोरच्या दुकानातून मी नवा प्लग घेतला, तोही भाव न करता, यावरून माझी अवस्था समजा. तिथेच फुटपाथवर साखळी चढवली, प्लग बसवला आणि लॉज गाठलं.

मशीन पहिल्या झटक्यात सुरू झालं. झाडाला लावलं, तर नुसता धूर. जोर लावला, तर आणखी धूर. लॉजचा मालक, आचारी आणि बँडवाले गोल करून उभे राहिले. मी सर्वांदेखत चाचांच्या धारेचा उद्धार करत होतो, तेवढ्यात चाचा सायकलवरून उतरले. मला मशीन बंद करायला लावलं आणि पट्टीवर वाकून बघितलं.

"धार हाय, शेठ. पन साखळी उलटी हाय. दात तुमच्याकडं तोंड करून बसल्यात."

बँडवाल्यांपैकी एकाने तुतारी फुंकली. त्याला मी अजून शोधतोय. तापलेली साखळी निवेपर्यंत वाडीतल्या दोन म्हाताऱ्यांनी हातकरवत आणून झाड कापलं, वऱ्हाड वेळेवर आत गेलं आणि वर्षभराचं काम त्या म्हाताऱ्यांना मिळालं. मुरुडमध्ये माझं नाव 'उलटी साखळी' पडलं, ते आजही आहे.

मी चाचांवर धावून गेलो, की प्लग वेळेत दिला असता तर साखळी तुम्हीच नीट चढवली असती. त्यांनी अर्धं बोट माझ्या नाकासमोर धरलं. या बोटाची खरी हकिकत त्यांनी त्या दिवशी मला सांगितली. "मी धार लावत होतो. जीव मशीनमध्येच होता. भावाशी भांडान झालं, त्यानं रागात मशीन चालू करायची दोरी ओढली." मग खिशाचं बटण काढून माझा प्लग माझ्या हातावर ठेवला. मी गप्प बसलो. घरी माझ्या बायकोला हे अजून खरं वाटत नाही.

चाचा गेल्या वर्षी गेले. त्यांची कानस मी त्यांच्या मुलाकडून मागून आणली. तोही एक रुपया कमी करायला तयार नव्हता. आता धार मीच लावतो. त्यांच्यामुळे माझं वर्षाचं काम गेलं, हे मी आजही दहा लोकांत सांगतो. पण आधी प्लग काढतो, खिशात टाकतो, बटण लावतो, आणि राग उतरेपर्यंत ते उघडत नाही.

मागच्या आठवड्यात सलग तीन दिवस मशीन बंद होतं.