एप्रिलच्या बर्फातले भावजी

साऱ्या जपानात बर्फ वितळायला लागल्यावर ज्याचा जीव खुलतो असा एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका आमच्या नात्यात निघाला. माझ्या नवऱ्याचे हे मामेभाऊ, म्हणजे माझे भावजी. आम्ही नागोयाला होतो तेव्हा तेही तिथेच मोटारींचे गिअर बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर होते आणि आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहत. चाळिशीला टेकलेले, बिनलग्नाचे, सोमवार ते शुक्रवार इतके सरळ की कचरा वेगळा कसा करायचा हे नव्या परदेशी भाडेकरूंना शिकवायचं झालं, तर इमारतीतल्या एक जपानी आजी यांचीच पिशवी उघडून दाखवत. शुक्रवारी संध्याकाळी मात्र हा माणूस मोटारीत फावडं, दोरखंड आणि माझ्याकडून हक्काने मागून घेतलेले धपाटे टाकून नागानोच्या डोंगरांकडे सुटायचा. तिथल्या एका खेड्यात साठीच्या एक बाई आपल्या घरातल्या चार खोल्या पाहुण्यांना देत आणि त्यांना जेवू घालत. सगळे त्यांना ओकामी-सान म्हणत, म्हणजे मालकीणबाई. त्यांच्या शेडमध्ये भावजींची जुनी, दोघं बसतील अशी स्नोमोबाइल ठेवलेली असे. पुढे दोन स्की, मागे रुंद रबरी पट्टा आणि वर आमचे भावजी.

इतर हौशी लोक जानेवारीत येतात, भुरभुरीत बर्फात चार चकरा मारतात आणि मार्च सरता सरता टाक्या रिकाम्या करून गाड्यांवर ताडपत्री घालतात. भावजींचं वर्ष तिथून सुरू होई. "जानेवारीचा बर्फ काय वहिनी, कुणालाही चालवू देतो," ते तुच्छतेने म्हणत. "एप्रिलचा बर्फ माणूस बघून वागतो." त्या बर्फाला त्यांनी आपल्या स्वयंपाकघरातली नावं ठेवली होती. पहाटेचा, रात्रभर गोठून खडखडीत झालेला, तो चिक्की. उन्हं आल्यावर वरचा थर सुटा झाला की भाजलेला रवा. दहाच्या सुमारास सांजा, अकरानंतर शिरा, आणि दुपारी जे काही उरेल ते ताक. चिक्कीवर गाडी चालवली तर इंजिन तापतं, कारण या गाड्या पट्ट्याने उडवलेल्या बर्फावरच थंड होतात आणि कडक थरातून बर्फ उडत नाही. शिऱ्यात चालवली तर गाडी बसते. म्हणजे रव्यात निघायचं आणि शिरा व्हायच्या आत परत यायचं, असा त्यांचा सगळा धर्म होता. रविवारी रात्री ते फोन करून सांगत, "आज नऊलाच सांजा झाला. वाईट दिवस." एकदा माझ्या मुलीने हे ऐकून शाळेत बाईंना सांगितलं की आमचे काका डोंगरावर नाश्ता करायला जातात. ती बोलली जपानीत, त्यामुळे वर्गाचा त्यावर विश्वासही बसला.

वेळेच्या बाबतीत त्यांना कुणाची भीडभाड नव्हती. माझा नवरा एकदा हौसेने त्यांच्याबरोबर गेला, मोज्याची जोडी शोधत राहिला आणि बाहेर आला तेव्हा गाडीच्या जागी फक्त पट्ट्याची रेघ उरली होती. दुपारी परत आल्यावर भावजी शांतपणे म्हणाले, "दादा, रवा थांबत नाही." नवरा आठवडाभर बोलला नाही. भावजींच्या ते लक्षातही आलं नाही.

आमच्या सोफ्याचा डावा हात मोडला तोही याच विद्येपायी. उतारावर आडवी गाडी न्यायची तर ती खालच्या अंगाला कलंडू पाहते. मग चालवणाऱ्याने एक गुडघा सीटवर टेकून, दुसरा पाय बाहेर काढून, सगळं अंग डोंगराकडे लोटायचं असतं. हे मला समजावं म्हणून भावजी जेवणानंतर सोफ्याच्या हातावर स्वार झाले. "बघा, इथे डोंगर," म्हणून त्यांनी टीव्हीकडे अंग टाकलं. सोफा दरीच्या बाजूला गेला. उठून त्यांनी मोडलेला सांधा नीट पाहिला आणि म्हणाले, "इथे त्यांनी स्क्रूऐवजी खिळा मारलाय." पुढच्या शनिवारी बर्फ सोडून सोफा दुरुस्त करायला बसले. मी नको म्हटलं नाही. सोफा माझा होता.

आणि त्यांचा तो बेल्ट. इंजिनची ताकद गाडीच्या मोठ्या पट्ट्याला पोचवणारा एक लहान रबरी बेल्ट आत असतो. तो जळला की गाडी म्हणजे ओसरीवरचं बाकडं. सगळे जण जादा बेल्ट खोक्यात ठेवतात. भावजी तो जॅकेटच्या आत, डाव्या खांद्यावरून उजव्या कुशीखाली घालत. गार बेल्ट कडक होतो, लवकर चढत नाही, अंगावरचा ऊबदार असतो, हे कारण. ओकामी-सानना वाटायचं की तो हिंदुस्थानातला काही धार्मिक प्रकार आहे. त्या यांना इंदो-सान, म्हणजे हिंदुस्थानवाले, म्हणत आणि बेल्टकडे बघून हळूच मान लववत.

असा माणूस आपल्या चालीने चालला असता. पण ईशान्य जपानात मोठा भूकंप झाला. नागोयाला आम्हाला नुसतं झोक्यासारखं हललं, पण पुण्यात भावजींच्या आई, म्हणजे आमच्या मामी, टीव्हीसमोर बसल्या होत्या. मामी भूगोलाच्या शिक्षिका. जन्मभर मुलांना शिकवलं की जपान हा भूकंपाचा देश आहे, आणि स्वतःचा एकुलता एक मुलगा तिथेच गेला. त्या दिवसापासून रोज फोन. भावजी सांगत, "आई, तो भाग लांब आहे." मामी म्हणत, "नकाशा मला शिकवू नकोस." पुढच्या वर्षी, मार्चअखेरीला, मामी स्वतःच येऊन दाखल झाल्या. विमानतळावर मी वाकून नमस्कार केला तर म्हणाल्या, "मी बघायला आलेली नाही हो, न्यायला आले आहे." भावजी बॅगा ढकलत पुढे चालले होते. त्यांनी ऐकलं, आणि ढकलायचे थांबले नाहीत.

पुढचे काही दिवस वरच्या मजल्यावर काय चाललं होतं ते मला जिन्यातून कळत होतं. पुण्यातल्या एका कारखान्यात मामींनी कुणाशी तरी बोलून ठेवलं होतं. भावजी हो म्हणेनात, नाही म्हणेनात. शेवटी एक दिवस मामी खाली माझ्याकडे आल्या, शेंगा सोलायला बसल्या आणि म्हणाल्या, "तो म्हणतो, तू एकदा वर चल, डोंगरावर. मग सांगशील ते ऐकेन. तर तूही चल माझ्याबरोबर. मी एकटी त्या यंत्रावर बसणार नाही."

ओकामी-सानची वर पठारावर एक झोपडी होती, उन्हाळ्यात चढून येणाऱ्यांना चहा आणि नूडल्स देण्यासाठी. तिथलं सामान दर एप्रिलमध्ये बर्फ आहे तोवर, हिवाळ्यात बंद असणाऱ्या जंगलरस्त्याने वर न्यायचं, हे काम त्या आणि भावजी करत. त्या दिवशी सामान ओकामी-सानच्या स्वतःच्या स्नोमोबाइलमागच्या घसरगाडीत, मी ओकामी-सानच्या मागे आणि मामी भावजींच्या मागे, असं ठरलं. निघायचं सहाला.

सहाला मामींनी आंघोळीचं पाणी मागितलं. जपानी माणूस रात्री आंघोळ करतो. सकाळी बंब थंडगार होता. ओकामी-साननी काही न विचारता तो पेटवला. आंघोळ झाली, बरोबर आणलेल्या बाळकृष्णाची पूजा झाली, मग मामींनी सगळ्यांना बसवून उपमा खायला लावला. "उपाशी पोटी डोंगर चढायचा नसतो." भावजी दारात उभे राहून बाहेर बघत होते. बाहेर रव्याचा सांजा आणि सांज्याचा शिरा होत होता. माझ्या नवऱ्याला मोज्यांपायी मागे टाकणाऱ्या त्या माणसाने घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही. "आई, अजून थोडा घे," एवढंच म्हणाले.

निघालो. मामींचं लुगडं ओकामी-सानच्या बर्फाच्या विजारीत कोंबलेलं, डोक्यावर हेल्मेट, पाठीमागे उशी. भावजी इतके हळू चालवत होते की मी मागून चालत गेले असते तरी पोचले असते. अंगठ्याखालचा ॲक्सिलरेटर ते अत्तर लावावं तसा दाबत होते. ओकामी-सान मागून दोनदा ओरडल्या. त्यांनाही हळू जाता येईना, गाडी जड होऊन बसू लागली. पुढे एका वळणावर वितळलेलं पाणी रस्त्यावरून आडवं वाहत होतं. अशा जागी थांबायचं नसतं, जोरात ओलांडायचं, हे मला सोफ्यावरच्या व्याख्यानांतून माहीत होतं. भावजी काठाशी आले, मागे वळून आईकडे पाहिलं, आणि थांबले. गाडीचं बूड शिऱ्यात गेलं. त्यांनी ॲक्सिलरेटर हळूहळू दाबत ती बाहेर काढायचा प्रयत्न केला आणि जळक्या रबराचा वास सुटला.

भावजी उतरले. आईला उचलून बर्फावर उशीवर बसवलं, जॅकेट उघडून अंगावरचा बेल्ट काढला.

"अरे, हे काय गळ्यात?" मामी म्हणाल्या.

"बेल्ट. तो जळला."

"का जळला?"

भावजी फावड्याने बर्फ काढत होते. "हळू चालवली म्हणून."

"मग हळू का चालवलीस? रोज फोनवर मला सांगतोस, आई, इथे थांबलं की संपलं."

"तू आहेस ना मागे."

 मामी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंस? मी मागे आहे म्हणून याने आपलं सगळं शिक्षण विसरायचं." आणि मुलाला म्हणाल्या, "हे बघ, एक तर मला इथेच उतरव, मी हिच्याबरोबर चालत खाली जाते. नाहीतर तुला जशी येते तशी चालव. मी काय अंड्यांची टोपली आहे का?"

"पडशील, आई."

"पडले तर बर्फातच पडेन ना. शिऱ्यात, तुझ्या भाषेत."

नवा बेल्ट चढला. आम्ही तिघींनी मागून उचललं, गाडी वर आली. मामी स्वतःहून बसल्या, आणि या वेळी सीटची दांडी सोडून दोन्ही हातांनी मुलाची कंबर धरली. भावजींनी गाडी जरा मागे घेतली आणि मग अंगठा पूर्ण दाबला. पाण्यावरून ती अशी गेली की दोन्ही बाजूंना दोन भिंती उभ्या राहिल्या. पुढच्या आडव्या उतारावर त्यांनी अंग डोंगराकडे टाकलं आणि मागून मामींनीही टाकलं, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ओकामी-सान माझ्यापुढे बसून हसत होत्या. मी मात्र डोळे मिटून घेतले. आमच्यामागच्या घसरगाडीत गॅसची टाकी होती.

वर पोचलो तेव्हा मामींच्या चष्म्यावर पाण्याचे थेंब होते. समोर एका ओळीत पांढरे डोंगर. मामींनी कौतुक केलं नाही. त्यांनी दिशा विचारल्या, उत्तर कुठे, समुद्र कुठे, मग विचारलं, "इथे असताना जमीन हलली तर?"

"हलते कधी कधी," भावजी म्हणाले. "मग मी गाडी बंद करतो आणि बसून राहतो."

"एकटाच?"

"हो."

मामींनी मान हलवली. ओकामी-साननी चहा केला, मामींनी त्यात साखर मागितली, आणि परतीच्या वाटेवर त्या कारखान्याचं नाव निघालं नाही. महिनाअखेर त्या एकट्याच परत गेल्या. विमानतळावर भावजींनी बराच युक्तिवाद तयार करून आणलेला दिसत होता. त्याची गरजच पडली नाही. मामी म्हणाल्या, "तुला वाटेल तेव्हा ये," आणि आत गेल्या.

मला वाटलं होतं, आता हा माणूस खुशीत डोंगर गाठेल. त्या शनिवारी वर अजून चांगला बर्फ होता, ओकामी-सानचा फोनही येऊन गेला होता. भावजी खाली आमच्याकडे आले, वरणभात आहे का विचारलं आणि मुकाट्याने जेवून गेले. आई रोज ओढत होती तोवर त्यांना तिथे घट्ट उभं राहता येत होतं. तिने हात सोडल्यावर त्यांचा तोल गेला असावा. आणखी दोन हिवाळे ते राहिले. मग कुणी काही न म्हणता राजीनामा दिला, गाडी ओकामी-सानना देऊन टाकली आणि पुण्याला गेले. आम्हाला निघायच्या आदल्या दिवशी सांगितलं.

आता आम्हीही परत आलो आहोत. गेल्या एप्रिलमध्ये मी त्यांच्याकडे गेले होते. पुण्याचं ऊन, पंखा फिरतोय, मामी आतल्या खोलीत. गुडघे गेलेत, स्मरणही थोडं. दर थोड्या वेळाने त्या भावजींना नावाने हाक मारतात, काम काही नसतं. भावजी तिथूनच "आहे गं" म्हणतात, की त्या गप्प होतात. मी सरळ विचारलं, "भावजी, इथे करमतं का तुम्हाला?"

 "नाही करमत, वहिनी," ते म्हणाले. "पण तिथे तिची हाक फोनवरून यायची, आणि मी हो म्हणेपर्यंत ती घाबरलेली असायची."

आतून हाक आली. ते उठून गेले.