ढगांच्या मागे जाणारी रेखा

आधीच सांगून टाकतो, माझी बायको विजेनं नाही गेली.

आमच्या गावात, कुडव्यात, अजूनही काही जण तसंच समजतात. "वादळाच्या मागं फिरणारी बाई, एक दिवस हेच होणार होतं," असं माझ्या कानावर आलं आहे.

रेखा किडनीच्या आजारानं गेली. आज वर्ष झालं.

तिच्या तेरवीला देवरीकडच्या एका गावातून टेम्पो भरून बायका आल्या होत्या. नातेवाईक विचारत होते, या कोण?

त्या दिवशी सांगणं झालं नाही. आज सांगतो.

आमचं झेरॉक्स आणि रिचार्जचं दुकान. नेट घेतलं ते लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरायला. पण दुपारी रेखा दुकानात बसली की स्क्रीनवर बंगालचा उपसागर.

गिऱ्हाईक कागद हातात धरून उभं, आणि ही सॅटेलाइटचा फोटो लोड व्हायची वाट पाहून राहिली.

"भाभीजी, दो कॉपी."

"रुको भैया, बादल आ रहा है."

वादळ पाहणं हा तिचा छंद होता. ढग गडगडले की लोक खिडक्या लावतात, ही स्कूटी काढायची. गावाबाहेर मोकळ्यात जाऊन ते येताना पाहायचं, फोटो काढायचा, आणि डोक्यावर यायच्या आत पक्क्या छताखाली शिरायचं. हा शेवटचा नियम तिनं कधी मोडला नाही.

एकदाच मोडला. तेच सांगायचं आहे.

पावसाळा संपला की बाकीचे लोक आभाळाकडे पाहणं सोडतात. रेखाचं खरं लक्ष तेव्हा लागायचं. "अजून एखादं येते, पाहा तुम्ही," म्हणायची. रोज हवामानाचा अंदाज उघडायची. रोज कोरडं. बहुतेक वर्षी तसंच हिवाळा लागायचा.

त्या वर्षी दिवाळी होऊन गेली आणि उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला.

"छत्तीसगडकडून येऊन राहिलं," ती म्हणाली. "देवरीच्या पुढं गेलो तं समोरून दिसते. हे गेलं की मंग थेट उन्हाळ्यातच."

"दुकान?"

"दुकान उद्याही राहते."

शटर पाडलं. बाईकवर निघालो.

देवरीच्या पुढे हायवेला लागून एक बोडी, म्हणजे लहान तळं आहे. तिच्या मातीच्या उंच पाळीवर चढलं की पूर्वेचं सगळं आभाळ मोकळं दिसतं. रेखानं भावानं दिलेला कॅमेरा स्टँडवर लावला आणि उभी राहिली.

आणि ते आलं.

या टोकापासून त्या टोकापर्यंत काळ्या ढगाची एकच कड. खाली पांढुरका पडदा. मी असं आधी कधी पाहिलं नव्हतं. तिनंही नाही. इतक्या वर्षांत तिला हवा होता तो ढग हाच, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

तेवढ्यात वारा सुटला. खालच्या बांधीत, भाताच्या खाचरात, धान कापणाऱ्या बायका पळाल्या आणि एका मोहाच्या झाडाखाली जमल्या.

रेखानं ओरडून पाहिलं. वाऱ्यात त्यांना ऐकू जाईना.

तिनं एकदा ढगाकडे पाहिलं. मग कॅमेरा तिथंच सोडून पाळ उतरली आणि धावत सुटली. मी तिच्या मागे.

"झाडाखाली नोका राहू," ती सांगत होती. "वीज पडते. इळे टाका आन् रोडवर चला."

एक म्हातारी अडून बसली. "काऊन? इथं बरं हाये. बाहेर वल्लं व्हाव का?"

"हो आजी, वल्लं व्हा," रेखा म्हणाली, आणि तिचा हात धरून चालू लागली.

ढग डोक्यावर आला, पहिल्याच सरीत आम्ही भिजलो, आणि रस्त्यावर आलो तर देवरीकडून एक बस येत होती. मी मधोमध उभा राहिलो. ड्रायव्हर चिडला, पण माझ्या मागच्या बायका पाहिल्या आणि दार उघडलं. आम्ही सगळे आत. दार लागलं आणि खरा पाऊस कोसळला. मग विजा. एकीमागे एक, थांबायचं नावच नाही.

म्हातारी रेखाच्या मांडीवर डोकं ठेवून बसली होती.

आता, त्या मोहावर वीज पडली नाही. पोस्ट लिहितोय म्हणून खोटं कशाला सांगू. पलीकडच्या बांधीत पडली. जमीन काळी झालेली आम्ही नंतर पाहिली.

कॅमेरा स्टँडसकट पाण्यात पडला होता. परत कधी सुरू झाला नाही. त्या ढगाचा एकही फोटो नाही.

परत येताना विचारलं, "वाईट वाटून राहिलं का?"

"कायले? आजीचे केस पुसून दिले मी. पोरीसारखी बसली होती."

बायकांनी तिचा नंबर घेतला. पुढच्या प्रत्येक कापणीला फोन. "बाई, आज कापाव का उद्या?"

ती अंदाज पाहून सांगायची. कळलं नाही तर "मले नाही समजून राहिलं" असंही सरळ सांगायची. म्हणूनच त्यांचा तिच्यावर भरवसा बसला.

मग आजार आला. डायलिसिसला नागपूरला जाताना ट्रेनमध्येही मोबाईलवर ढगच. मागच्या वर्षी, सीझन संपता संपता, पुन्हा एक पट्टा दिसला. तिनं डॉक्टरांनाच विचारलं, जाऊ का. डॉक्टर हसले. म्हणाले, गाडीतून उतरायचं नाही.

मित्राची कार घेतली. इटियाडोह धरणावर गेलो.

धरणाच्या पाण्यावरून वादळ आलं. ती काचेला कपाळ टेकून बसली होती आणि मला दाखवत होती. "आता वारा थांबते पाहा. आता पाण्याचा रंग बदलते."

वारा थांबला. पाण्याचा रंग बदलला.

मी वादळाकडे कमी आणि तिच्याकडे जास्त पाहत होतो. इतकी आजारी बाई, आणि तोंडावर नुसता आनंद.

"झालं का मन भरून?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "पण आज पुरते."

महिन्याभरात ती गेली.

मी या बाईचा नवरा होतो. लोकांनी मला विचारलं, तुम्ही कोण, तर मी हेच आधी सांगतो.

रेखा, दुकानातल्या, घरातल्या आणि त्या गावातल्या सगळ्यांकडून तुला मनापासून नमस्कार.