छाटलेली तीन पानं

सकाळचे साडेसात. एका शेगडीवर दूध, दुसरीवर चहा, आणि आमचे हे एक मोजा पायात घालून दुसरा शोधत घरभर फिरत होते. तेवढ्यात दारावर टकटक झाली. आमच्याकडे बेल आहे. ती सोडून बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करणारा माणूस एकच, समोरच्या इमारतीतले मास्तर.

मास्तर म्हणजे शाळेचे नव्हेत, कापडाचे. चाळीस वर्षं त्यांनी गणवेशांच्या दुकानात कटिंग केलं. अजूनही त्यांच्या वरच्या खिशात पेनाच्या जागी धागे कापायची चिमुकली कात्री असते. कुणाच्या बाहीला दोरा लोंबताना दिसला की बोलता बोलता कापून मोकळे. एकदा यांचा असाच दोरा कापला आणि ऑफिसात पोचेपर्यंत मनगटाचं बटण गेलं. तेव्हापासून मास्तर दिसले की हे हात पाठीमागे घेतात.

निवृत्तीनंतर मुलीनं त्यांना कॅमेरा आणि हातभर लांब टेलिफोटो लेन्स पाठवली. "अगं, मी दुकानाच्या दारातनं फक्त चिमण्या बघितल्यात," मास्तर म्हणाले. ती म्हणाली, "मग त्याच आता जवळून बघा."

पहिला महिनाभर त्यांनी उडून गेलेल्या पक्ष्यांचे फोटो काढले.

"वहिनी, हा बघा खंड्या."

"कुठे, मास्तर? ही तर नुसती फांदी आहे."

"आत्ता होता."

कधी फांदी, कधी शेपटीचं टोक, कधी सगळंच धुक्यात बुडाल्यासारखं. लेन्स जड, हात कापायचा. पण माणूस चिकाटीचा. जुन्या पँटच्या पायाची त्यांनी पिशवी शिवली, माझ्याकडून दोन किलो सुके वाटाणे नेऊन तिच्यात भरले, ती खिडकीच्या कठड्यावर ठेवली आणि तिच्यावर लेन्स टेकवली. कापडावर कात्री चालवताना श्वास धरायचा, तसा बटण दाबताना धरायचा हेही त्यांचं त्यांनीच शोधून काढलं. मग चिमणीच्या डोळ्यातला प्रकाशाचा ठिपकासुद्धा दिसायला लागला. तो मला दाखवताना त्यांचा चेहरा पहिला नंबर आलेल्या पोरासारखा झाला होता.

अशात आमच्या गॅलरीतल्या जास्वंदीत बुलबुलांनी घरटं केलं. तीन पिल्लं. मीच हौसेनं मास्तरांना बोलावलं. ते लेन्स घेऊन आले आणि हिरमुसले. इतक्या जवळचं त्या लेन्सला स्पष्ट दिसतच नाही, तिला सात-आठ हात तरी अंतर लागतं. मागे सरकत सरकत ते आमच्या सोफ्यावर जाऊन आदळले, तर तिथून सगळा उजेड समोरून डोळ्यात. "माझ्या खिडकीतनं सरळ रेषेत येतं," ते म्हणाले, "पण मध्ये पानं आहेत." मी चहा टाकायला आत गेले.

दोन दिवसांनी त्यांनी फोटो आणून दिला. तीन लालबुंद उघड्या चोची आणि वर चारा घेऊन आलेली आई. मी तो मोठा करून घेतला, चौकट केली, बैठकीच्या खोलीत लावला. येईल त्याला दाखवत होते.

फोटो भिंतीवर चढला त्याच्या दुसऱ्या दिवशी घरटं रिकामं झालं. कठड्यावर दोन पिसं. मी एक क्षणही विचार केला नाही. तरातरा जिना उतरून तळमजल्यावर गेले. तिथे एकट्या मावशी राहतात आणि त्यांचा बोका, जो पाइपावरून आमच्या गॅलरीत येत असे. जिन्यात चार माणसं उभी होती, त्यांच्या देखत मी म्हणाले, "मावशी, बोक्याला घरी पोटभर घालत जा, म्हणजे आमच्या दारात खून पडणार नाहीत."

"त्यानं नाही केलं हो," त्या म्हणाल्या. "दुपारभर माझ्या पायाशी झोपला होता."

"असं होय? आईला कधी आपलं लेकरू चोर वाटलंय का?"

लोक हसले. मला तेव्हा ते हसणं आवडलं होतं, हे आज लिहिताना हात अडखळतो. आठवड्यानं मावशींनी बोक्याला भाचीकडे पाठवून दिलं. जिन्यात भेटल्या तर मी मान वळवत असे, जसा काही अपराध त्यांचाच.

या गोष्टीला तीन आठवडे झाले होते, आणि आज मास्तर दारात उभे होते. दाढी वाढलेली. खिशात कात्री नव्हती. हे दुसरा मोजा मिळताच ऑफिसला गेले, तोवर मास्तर खुर्चीच्या टोकावर बसून होते. मी चहा ठेवला, त्यांनी बशीला हात लावला नाही.

"वहिनी, तो फोटो जरा खाली घेता?"

मी चौकट काढून त्यांच्यापुढे धरली. घरट्याच्या डाव्या बाजूला त्यांनी बोट टेकवलं. तिथे पानांचे तीन देठ होते, पानं नव्हती. तिन्ही देठ एकाच तिरक्या रेषेत कापलेले, अगदी सफाईनं.

त्या चौकटीची काच मी रोज पुसत होते. मला चोचीच दिसल्या.

"तुम्ही चहा टाकायला गेलात तेव्हा," ते म्हणाले. "बाहेरच्या अंगाची तीनच पानं. मध्ये लोंबतंय असं काही दिसलं की माझा हात थांबत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. वाटलं, तीन पानांनी काय होतंय. पण मला दिसायला वाट केली, तीच कावळ्यालाही दिसली."

"कावळा?"

त्यांनी पिशवीतून कॅमेरा काढला आणि मागच्या पडद्यावर एकेक फोटो पुढे सरकवत गेले. कठड्यावर कावळा. घरट्याच्या काठावर कावळा. पुढचे मी पाहिले नाहीत. त्यांनी मात्र मोजले.

"अकरा आहेत. मी खिडकीत बसलो होतो. लेन्स टेकवलेली, श्वास धरलेला, आणि मी बटण दाबत राहिलो. फोटो स्पष्ट येतायत याचा, खोटं कशाला बोलू, आनंद झाला होता. नुसतं हूश केलं असतं तरी तो उडाला असता. ते सुचलं तेव्हा घरट्यात काही उरलं नव्हतं."

मग आवाज आणखी खाली गेला. "तुम्ही मावशींना बोललात, तेव्हा जिन्यात मीही होतो. चौघांतला चौथा. हसलो नाही, पण बोललोही नाही."

मला आठवलं. मागे भिंतीला टेकून उभे होते. मी त्यांच्याकडेच तर बघत होते, आपल्या साक्षीदाराकडे बघावं तशी.

"मग आज का सांगताय, मास्तर?"

"काल सकाळी लेन्स लावली होती, चिमण्यांसाठी. खाली मावशी पायरीवर आल्या. हातात दुधाची वाटी. सवयीनं वाटी खाली ठेवली, इकडे तिकडे पाहिलं, मग लक्षात आलं असणार. वाकून परत उचलली. लेन्समधनं फार जवळ दिसतं, वहिनी. एवढं जवळून दुसऱ्याचं तोंड बघायचा मला काही हक्क नव्हता."

दूध उतू गेल्याचा वास आला. उठून शेगडी बंद केली आणि ओट्याशीच थोडी उभी राहिले. पानं त्यांनी छाटली होती. पण दारात जाऊन खून हा शब्द मी उच्चारला होता, आणि ती लेकराची कोटी तर सर्वस्वी माझी.

बाहेर आले तेव्हा मास्तर उठून उभे होते. फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवलेला. कॅमेरा छातीशी धरला होता, शाळेतून घरी चिठ्ठी पाठवलेल्या पोरानं दप्तर धरावं तसा.

"बोक्याला परत आणायचं म्हणजे मावशींना ते अकरा फोटो दाखवायला हवेत," ते म्हणाले. "काल दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो. हात वर जातो, पण टकटक होत नाही. बोलायचं ते सगळं मी बोलेन, तुमच्या वाटचंसुद्धा. तुम्ही फक्त माझ्याबरोबर खाली या, आणि बेल तेवढी तुम्ही वाजवा."